डोपामिन मजा देत नाही, कामाला लावतं

डोपामिनला ‘आनंदाचं रसायन’ ही पदवी मिळून बरीच वर्षं झाली. रील पाहिलं की डोपामिन, चॉकलेट खाल्लं की डोपामिन, आणि कामात मन लागेनासं झालं की ‘डोपामिन डिटॉक्स’! चालढकलीचं खापर फोडायला हे रसायन सोयीचं आहे खरं, पण त्याची ही ख्याती चुकीच्या पायावर उभी आहे.

त्याच्या कहाणीत आपल्या सर्पगंधेचा वाटा आहे. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबावर सर्पगंधेचा गुण दाखवून दिला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचं लक्ष तिच्याकडे गेलं. पुढे तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी ते सशांना टोचलं, तर ससे कान पाडून निपचित बसले. मग ज्यापासून शरीरात डोपामिन तयार होतं ते एल-डोपा दिलं, आणि थोड्याच वेळात तेच ससे कान टवकारून हिंडू लागले. हा प्रयोग १९५७चा. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. सशांची मजा परतली का, हे कुणी मोजलं नव्हतं. परतली होती ती हालचाल.

मजा मोजली मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी. मेंदूतलं डोपामिन जवळपास संपलेले उंदीर समोरच्या अन्नाला तोंड लावत नाहीत. पण त्यांच्या तोंडात साखरेचं पाणी घातलं, की निरोगी उंदरांसारखेच ओठ चाटतात. गोडी शाबूत, ओढ मात्र गेलेली.

कनेक्टिकट विद्यापीठातल्या जॉन सालामोन यांचे उंदीर तर ओळखीचे वाटावेत. वाटेला दोन फाटे. एकाच्या टोकाला खाद्याच्या चार गोळ्या, पण मध्ये ४४ सेंटिमीटर उंचीचा अडसर. दुसऱ्या टोकाला दोनच गोळ्या, वाट मोकळी. धडधाकट उंदीर अडसर चढून चार मिळवत, डोपामिन घटवलेले दोनावर भागवत. अडसर काढला, की तेही चारांकडेच वळत. मोकळ्या वाटेवर काहीच ठेवलं नाही, तर मुकाट्याने अडसरही चढत. म्हणजे चार दोनापेक्षा जास्त, हे त्यांना कळत होतं, अंगात बळही होतं. जास्तीच्या दोन गोळ्यांसाठी एवढी खटपट परवडते का, हा हिशेब तेवढा बदलला होता.

आता माणसाकडे. ‘आळशी आहे, दुसरं काय!’ हा घरोघरचा निकाल. पण चालढकल करणारा रिकामा क्वचितच बसतो. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायचं असतं, नेमक्या त्याच रविवारी तो माळा आवरायला काढतो, घामाघूम होतो, वर जुने डबे घासतो. कष्टांना त्याची ना नसते. फॉर्म १६ सापडत नाही, बँकेचे आकडे जुळत नाहीत, यातून येणारा वैताग त्याला नको असतो. टिमोथी पिचिल आणि फ्यूशिया सिरुआ हे मानसशास्त्रज्ञ म्हणूनच चालढकलीला वेळेच्या नियोजनापेक्षा भावना सांभाळण्याची समस्या मानतात. काम पुढे ढकललं, की त्या क्षणी बरं वाटतं, किंमत नंतर.

पॅरिसमधल्या मेंदू-संशोधन संस्थेत २०२२ साली याचा आणखी एक पैलू दिसला. एमआरआय यंत्रात झोपलेल्या माणसांना कष्ट आत्ता की नंतर, असे पर्याय निवडायला सांगितले. मग कंटाळवाणे फॉर्म घरी भरून महिनाभरात परत करायला दिले. लांबणीवर टाकलेले कष्ट ज्यांच्या मेंदूला फार हलके वाटत होते, त्यांचेच फॉर्म जास्त रखडले. उद्याचे कष्ट आजच्यापेक्षा स्वस्त, ही मेंदूची समजूत. उद्या उजाडला, की भाव पुन्हा तोच!

‘डोक्यावर टांगती तलवार असली की माझं काम झकास होतं’ हाही एक लाडका समज. डायान टाइस आणि रॉय बॉमाइस्टर यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांचं सत्र तपासलं. चालढकल करणारे सुरुवातीला मजेत होते. सत्राअखेर त्यांचा ताण आणि दुखणी इतरांपेक्षा जास्त, गुण मात्र कमी.

राहिला ‘मूड लागला की करू’. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पीटर गोल्विट्झर यांच्या जर्मनीतल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या आदल्या दिवसाचा वृत्तान्त ४८ तासांत लिहायचा होता. ऐन सुट्टीत मूड कुठून यायचा? काहींनी कधी आणि कुठे बसून लिहिणार, हे आधीच ठरवलं. त्यांच्यातल्या चारांपैकी जवळपास तिघांनी वृत्तान्त वेळेत लिहिला. काहीच न ठरवलेल्यांत हे प्रमाण तिघांत एक.

आणि स्वतःला बोल लावून सुधारणा होते म्हणावं, तर कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाचा २०१० मधला अभ्यास आड येतो. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात टाळाटाळ केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ कमी केली. अभ्यासाच्या आठवणीला चिकटलेली चीड ओसरली होती, असं संशोधकांना आढळलं.