स्कीवरचा तो छोटा आकडा: कुटुंबासोबत बर्फावर जाण्याआधी समजून घ्या

हिवाळ्यात गुलमर्गला स्कीइंगला जायचा प्लॅन करत असाल, तर जॅकेट, गॉगल आणि ॲक्शन कॅमेऱ्याचे व्हिडिओ बघून झाले असतील. मीही तेच केलं होतं. पण स्कीवरची सगळ्यात महत्त्वाची टेक्नॉलॉजी मला कळली ती गुडघा सुजल्यावर.

गेल्या फेब्रुवारीत मी, आई-बाबा, ताई आणि माझी आठ वर्षांची भाची असे गेलो होतो. भाड्याच्या दुकानात बुटाचं माप विचारलं, स्की हातात दिल्या, झालं. तिसऱ्या दिवशी अगदी सोप्या उतारावर, जवळजवळ थांबता थांबता पडलो. शरीर एकीकडे वळलं, स्की बर्फात अडकून तिथेच राहिली आणि मधल्या मधे गुडघा पिळला गेला. लिगामेंटला ताण, सहा आठवडे जिने बंद. ती स्की पायातून सुटायला हवी होती. सुटली नाही.

बाइंडिंग म्हणजे पायातला एमसीबी

बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या यंत्रणेला बाइंडिंग म्हणतात. तिचे दोन भाग असतात. पुढचा भाग बुटाचं टोक धरतो आणि पाय पिळला गेला तर बाजूला उघडतो. मागचा भाग टाच धरतो आणि पुढे तोंडावर पडताना वर उघडतो. दोन्हींत स्प्रिंग असते. ठरावीक जोर आला की स्प्रिंग हार मानते आणि बूट मोकळा होतो. मग स्की उतारावरून पळून जाऊ नये म्हणून तिचे ब्रेकचे दोन दांडे खाली येऊन बर्फात रुततात.

घरातल्या एमसीबीसारखंच आहे हे. एमसीबी उगाच ट्रिप झाला तर वैताग, पण वेळेवर ट्रिप झाला नाही तर वायरिंग जळतं. इथे वायरिंग म्हणजे आपलं हाड आणि गुडघा. आणि उगाच सुटणंही धोक्याचंच, कारण वेगात वळताना स्की निघाली तर आपण थेट आपटतो. म्हणून स्प्रिंग किती घट्ट हे प्रत्येकासाठी वेगळं ठरवावं लागतं. बाइंडिंगवरच्या छोट्या खिडकीत दिसणारा आकडा तोच. त्याला ‘डिन सेटिंग’ म्हणतात.

आकडा कशावरून ठरतो?

यासाठी आयएसओ ११०८८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात पाच गोष्टी बघतात: वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही कसे स्की करता.

तळाची लांबी म्हणजे बुटाचा नंबर नव्हे. ती बुटाच्या बाजूला मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, उदाहरणार्थ ३०५. पाना लांब असला की नट कमी जोरात फिरतो, तसंच इथे. तळ लांब असेल तर आकडा कमी लागतो.

स्कीअरचे मुख्य तीन प्रकार. पहिला सावध, हळू जाणारा. दुसरा मधला. तिसरा वेगाने, तीव्र उतारावर जाणारा. माझं वजन ७२ किलो, उंची १७४ सेंमी, तळ ३०५ मिमी. पहिल्या प्रकारात माझा आकडा साधारण ५ येतो, तिसऱ्यात ७ च्या आसपास. वय ५० किंवा जास्त असेल तर तो आणखी एक पायरी खाली येतो.

त्या रात्री बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवून मी माझी स्की बघितली. खिडकीत ८! आधीच्या गिऱ्हाइकाचं सेटिंग तसंच राहिलेलं. मग बाबांची बघितली. वय ५८, बांधा माझ्याएवढाच, आयुष्यात पहिल्यांदा स्कीवर. त्यांना साधारण ४ हवं होतं, होतं ७. ते दोन दिवस असेच फिरत होते आणि मी ‘बाबा, घाबरू नका, पडा बिनधास्त’ असं सांगत होतो! सकाळी आधी दुसऱ्या दुकानात जाऊन सगळ्यांचं सेटिंग तक्त्याप्रमाणे करून घेतलं, मगच ते उतारावर गेले.

दुकानदाराची चूक होतीच. पण त्याने ‘येतं का?’ विचारल्यावर मी ऐटीत ‘हो, येतं की’ म्हणालो होतो, हेही खरं.

नवीन काय आलंय?

ग्रिपवॉक तळाच्या बुटांना खाली रबर आणि थोडा गोलावा असतो, त्यामुळे चालणं सोपं जातं. पण ते जुन्या बाइंडिंगमध्ये नीट बसत नाहीत आणि सुटण्याची क्रिया बिघडू शकते. बाइंडिंगवर ग्रिपवॉकची खूण बघून घ्या. २०२३-२४ च्या सीझनपासून स्की बुटांना बकलऐवजी बोआची गोल चकतीही आली आहे. ती फिरवली की तार पायाभोवती सारखी आवळली जाते. सोय चांगली आहे, पण तिचा बाइंडिंगच्या सेटिंगशी काही संबंध नाही.

कुटुंबासाठी चेकलिस्ट

• प्रत्येकाचं खरं वजन, उंची आणि वय दुकानात सांगा. इथे लाजायचं नाही.
• ‘येतं का?’ या प्रश्नाला नम्र उत्तर द्या. पहिल्यांदा जाणारा प्रत्येक जण पहिल्या प्रकारातला.
• चारही आकडे बघा: दोन पाय, पुढे आणि मागे. फोटो काढून ठेवा.
• मुलांना वाढत्या मापाचे बूट घेऊ नका. सैल बुटात पाय आतच फिरतो आणि जोर बाइंडिंगपर्यंत नीट पोचत नाही. मुलांना मुलांचंच बाइंडिंग लागतं.
• स्की चढवण्याआधी बुटाच्या तळाचा बर्फ झटका.
• स्क्रू स्वतः फिरवू नका. बुटाचा दाब आणि उंचीही जुळवावी लागते, ते काम जाणकाराचं.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. नेहमीची बाइंडिंग पिंढरीच्या हाडाला चांगलं वाचवतात, पण मागे कलून पिळत पडलं तर गुडघ्याच्या लिगामेंटला पूर्ण संरक्षण देत नाहीत. म्हणून पहिले दोन-तीन दिवस प्रशिक्षक घ्याच.

भाची तर आता सगळ्यांना विचारत सुटते, ‘तुझा आकडा किती?’ दुकानातून बाहेर पडण्याआधी तुम्हीही हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाला विचारा.