सांधे मोजा, वेळ गमावू नका
मुलांचा आणि मोठ्यांचा संधिवात : तपासणी कशी होते, उपचार कसे बदलले

सकाळी उठल्यावर बोटे वळत नाहीत. कळशी धरवत नाही, कणिक मळताना मनगट ठणकते, साडीच्या निऱ्या घालायला वेळ लागतो. तासाभराने हात जरा मोकळा होतो आणि बाई कामाला लागते. घरचे म्हणतात, "वात आहे, वयाप्रमाणे व्हायचाच." एखादे चार वर्षांचे मूल सकाळी लंगडते, कडेवर घ्या म्हणून रडते आणि दुपारी पुन्हा खेळायला पळते. घरचे म्हणतात, "पडले असेल कुठेतरी." दोन्ही घरांत महिने निघून जातात, आणि या आजारात वाया गेलेले महिने फार महागात पडतात. एकदा झिजलेले हाड व वाकडे झालेले बोट गोळीने सरळ होत नाही.

प्रत्येक सांधेदुखी सारखी नसते

उतारवयात गुडघा झिजतो, तो दिवसभर चालल्यावर दुखतो आणि बसल्यावर बरा वाटतो. आपण ज्याबद्दल बोलत आहोत तो ऱ्हुमॅटॉइड संधिवात याच्या उलट वागतो. विश्रांतीनंतर, विशेषतः सकाळी, सांधे आखडतात. हा ताठरपणा अर्धा-एक तास किंवा त्याहून जास्त टिकतो. बहुधा दोन्ही हातांची बोटे, मनगटे आणि पायाचे पंजे सुजतात. शरीराची जी प्रतिकारशक्ती जंतूंशी लढायची, तीच आपल्या सांध्याच्या आतील अस्तरावर हल्ला करते. ते अस्तर सुजते आणि हळूहळू कूर्चा व हाड पोखरते.

हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पट अधिक होतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली. तिथे प्रौढांमध्ये हजारी सुमारे पाच जणांना हा संधिवात आढळला. म्हणजे हजार-दोन हजार प्रौढांच्या वस्तीत असे पाच-दहा रुग्ण असू शकतात.

सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेली आणि दुसरे कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे मुलांचा संधिवात. ज्युवेनाइल आर्थ्रायटिस म्हणतात तो हाच. लहान मूल दुखते असे सांगेलच असे नाही. सकाळचे लंगडणे, पेन नीट न धरणे, मांडी घालून न बसणे यावरून ते ओळखावे लागते. दोन्ही आजार संसर्गजन्य नाहीत, आणि आंबट किंवा भात खाल्ल्यानेही ते होत नाहीत. विडी-सिगारेटच्या धुराने मात्र मोठ्यांमधील या आजाराचा धोका वाढतो.

"रक्तात वात निघाला का?"

दवाखान्यातून आल्यावर हा प्रश्न हमखास विचारला जातो. पण केवळ रक्ताच्या एका तपासणीवर हा आजार ठरत नाही. आरए फॅक्टर नावाची तपासणी काही रुग्णांत निगेटिव्ह येते आणि काही निरोगी माणसांत पॉझिटिव्ह येते. संधिवात झालेल्या मुलांमध्ये तर ती साधारण वीसपैकी एकाच मुलात पॉझिटिव्ह असते. एएसओ वाढले एवढ्याने "वात" ठरत नाही. घशाला विशिष्ट जंतूंचा संसर्ग होऊन गेला, इतकेच ते सांगते. हृदयावर परिणाम करणारा संधिवाताचा ताप हा वेगळा आजार आहे. तो झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर पेनिसिलिनची इंजेक्शने चुकवू नयेत.

खरी तपासणी डॉक्टरांच्या बोटांनी होते. मोठ्या माणसाचे २८ सांधे दाबून पाहतात : खांदे, कोपर, मनगटे, दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे आणि गुडघे. किती सुजले, किती दुखतात, हे मोजतात. त्यात ईएसआर किंवा सीआरपी हा रक्तातील सुजेचा आकडा आणि "तुम्हाला स्वतःला कसे वाटते" याचे उत्तर मिळवून एक गुण काढतात. पुढच्या भेटीत पुन्हा मोजले की औषध लागू पडते आहे की नाही, ते कळते.

मुलांसाठी १९९७ साली संशोधकांनी सहा गोष्टी ठरवल्या : डॉक्टरांचे मत, पालकांचे किंवा मुलाचे मत, रोजची कामे करण्याची क्षमता, सुजलेल्या सांध्यांची संख्या, पुरते न वळणाऱ्या सांध्यांची संख्या आणि ईएसआर. सहापैकी किमान तीन गोष्टी ३० टक्के सुधारल्या आणि एकापेक्षा जास्त गोष्ट तितकी बिघडली नाही, तरच सुधारणा धरतात. आईचे म्हणणे हा या मोजमापाचाच भाग आहे. म्हणून डॉक्टरांपुढे संकोच करू नका. मूल कधी लंगडते, काय करू शकत नाही, ते स्पष्ट सांगा.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जपायची : डोळे. या आजारात डोळ्याला आतून सूज येते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पण नजर जाऊ शकते. म्हणून तक्रार नसली तरी डॉक्टर सांगतील त्या अंतराने, अनेक मुलांत दर तीन महिन्यांनी, नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्पने तपासणी करावी.

ग्लासगोने काय दाखवले

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात ११० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना नेहमीप्रमाणे तीन महिन्यांनी बोलावले. उरलेल्यांना दर महिन्याला बोलावून सांधे मोजले आणि सूज शिल्लक दिसली की लगेच औषध वाढवले किंवा बदलले. दीड वर्षाने नेहमीच्या गटात १६ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला होता, तर दर महिन्याला मोजलेल्या गटात ६५ टक्क्यांचा. औषधे नेहमीचीच, जुनी होती. एकूण खर्चही वाढला नाही. फरक पडला तो वारंवार मोजण्याने आणि वेळेवर औषध बदलण्याने. "थोडे बरे वाटते" एवढ्यावर थांबायचे नाही, हाच या अभ्यासाचा धडा.

औषध : आठवड्यातून एकदाच

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला प्रथमच कॉर्टिझोन हे स्टिरॉइड दिले. अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. १९५० साली त्यांना दोन संशोधकांसोबत नोबेल मिळाले. पण जास्त दिवस घेतल्यावर हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे असे दुष्परिणाम दिसू लागले. आजही स्टिरॉइड देतात, पण शक्यतो कमी मात्रेत आणि थोड्या दिवसांसाठी.

आज उपचाराचा मुख्य आधार मेथोट्रेक्सेट आहे. अमेरिका आणि सोव्हिएत संघातील १२७ मुलांवरचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. आधीच्या औषधांना दाद न देणारी ही मुले होती. योग्य मात्रा मिळालेल्यांपैकी ६३ टक्के सुधारली. औषध नसलेली गोळी मिळालेल्यांपैकी ३६ टक्के.

हे औषध संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा आणि घरात आणखी एकाला सांगून ठेवा. फॉलिक ॲसिडची गोळी आणि रक्त-यकृताच्या तपासण्या चुकवू नका. दारू टाळा. हे औषध गर्भाला घातक आहे, म्हणून मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला.

"महागडे इंजेक्शन परवडत नाही, मग उपचार कशाला?" असे समजू नका. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ मेथोट्रेक्सेटने पुरेसा फरक न पडलेल्या ३५३ रुग्णांची तुलना झाली. मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या तीन स्वस्त औषधांचा मेळ महागड्या इंजेक्शनच्या उपचारापेक्षा कमी पडला नाही. काहींना इंजेक्शन लागतेच. त्याआधी टीबीची तपासणी करून घ्यावी, कारण त्याने दबलेला टीबी उसळू शकतो.

घरी काय करावे

• सूज किंवा सकाळचा ताठरपणा सहा आठवडे टिकला, तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन ओपीडीत जा. मुलाला बालरोग विभागात न्या. संधिवाततज्ज्ञ कुठे भेटतील, ते तिथे विचारा.
• तापासह एकच सांधा गरम, लाल झाला आणि मूल तो हलवू देत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सांध्यात पू असू शकतो.
• वहीत रोज लिहा : सकाळी किती वेळ आखडले, कोणते सांधे सुजले. ही वही आणि केसपेपर प्रत्येक भेटीला न्या.
• नाव नसलेल्या पुड्या घेऊ नका. काहींत स्टिरॉइड असते. आधीपासून घेत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा.
• सूज उतरली की हालचाल आणि व्यायाम करा. मुलाची शाळा बंद करू नका, शिक्षकांना आजार समजावून सांगा. मुलीच्या बोटांची सूज "पुढे लग्नाचे काय" म्हणून लपवू नका. लपवलेल्या सुजेवर वेळेत उपचार होत नाहीत, आणि वेळेतला उपचारच तिचे हात वाचवतो.