बाटलीतला पान्हा

दिघोरी (मोठी) हे लाखांदूर तालुक्यातले, धानाच्या पट्ट्यातले गाव. इथल्या गोठ्यांत वर्षभर तणस, जोडीला ऐपतीप्रमाणे ढेप. धार काढायची रीत ठरलेली. आधी पारडू सोडायचे. त्याने कासेला दोन-चार ढुसण्या दिल्या, सड चोखले, की सड ताठ होतात. मग पारडू बाजूला बांधून चरवी मांडीत धरायची. पारडू मेले तर म्हैस दूध चोरते. पूर्वी मेलेल्या पारडाच्या कातड्यात तणस भरून ते तिच्यापुढे उभे करत. ती चाटू लागे आणि पान्हा सुटे. आता बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी सुई टोचली जाते.

या सुईत दूध वाढवणारे हार्मोन असते, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. सुईतून जाते ते ऑक्सिटोसिन, आणि ते दुधाचा थेंबही तयार करत नाही. पारडाचा स्पर्श झाला की म्हशीच्या मेंदूतून हेच द्रव्य रक्तात उतरते, कासेतल्या बारीक दूधपिशव्यांभोवतीच्या पेशी आकसतात आणि साठलेले दूध सडांकडे ढकलले जाते. म्हशीचे जवळजवळ सगळे दूध या पिशव्यांतच असते, सडाच्या वरच्या पोकळीत फार थोडे. म्हणून पान्हा अडला तर गाय थोडेफार तरी देते; म्हैस जवळजवळ काहीच देत नाही. भीती, मार, भुंकणारे कुत्रे, अनोळखी हात यांनीही पान्हा अडतो. रोज टोचत राहिले, तर म्हशीचे अंग सुईचीच वाट पाहू लागते आणि पुढे तिच्यावाचून धार लागत नाही.

खरोखर दूध वाढवणारे हार्मोन वेगळे: गाईचे वाढ-हार्मोन. मोन्सॅन्टो कंपनीच्या ‘पॉसिलॅक’ला अमेरिकेत 1993 मध्ये मंजुरी मिळाली. गाईला दर चौदा दिवसांनी टोचायचे. दूध वाढे, पण कासदाह आणि लंगडेपणाही वाढे. 1999 मध्ये कॅनडाने जनावरांच्या प्रकृतीचे कारण देऊन ते नाकारले, युरोपनेही दार बंद केले. शिवाय ते चालते भरपूर खुराक खाणाऱ्या गाईवर. तणसावर जगणाऱ्या जनावराच्या अंगातून ते काय काढणार?

पान्हा जबरीने काढण्याचा प्रकार जुना आहे. ‘फुका’ म्हणजे जनावराच्या योनीत हवा फुंकणे. कोलकात्यातल्या या क्रौर्याबद्दल कळल्यावर गांधीजींनी गाई-म्हशीचे दूध सोडले. पुढे आजारपणात कस्तुरबांच्या सुचवण्यावरून ते शेळीचे दूध घेऊ लागले. फुक्यानेही शरीरात ऑक्सिटोसिनच सुटते. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे बारावे कलम फुक्याचे नाव घेते आणि दुधासाठी जनावराला अपायकारक द्रव्य टोचण्यालाही मनाई करते. शिक्षा हजार रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा.

2018 मध्ये केंद्राने खासगी कंपन्यांना देशातल्या विक्रीसाठी ऑक्सिटोसिन बनवायला बंदी केली. काम एका सरकारी कंपनीकडे दिले. त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, आणि माझ्या मते योग्यच केले. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला पहिले औषध हेच. लाखांदूरसारख्या तालुक्यात ते वेळेवर मिळाले नाही तर बाई दगावते. धाड घालायची तर ती गोठ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या लेबल नसलेल्या बाटल्यांवर घालावी. त्यात औषध किती, पाणी किती, आणखी काय, हे विकणारालाही सांगता येत नाही.

सुई टोचून काढलेल्या दुधाने मुली लवकर वयात येतात, हा धसका अनेक घरांत आहे. ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी. पोटात गेली की पचते. म्हणूनच ते टोचावे लागते. सुईची झळ लागते ती म्हशीला.

आणि तिच्या पारडाला. खरे तर त्याच्यापासूनच हे सुरू होते. नर पारडाला बाजारात किंमत नाही, म्हणून त्याच्या तोंडचे दूध चरवीत जाते. मुंबईच्या तबेल्यांत हे उघड दिसते. खेड्यातही अगदीच वेगळे नाही. पारडे मरतात त्याचे एक मोठे कारण जंत. आतड्यातला गोल जंत आईच्या दुधातूनच पिलात उतरतो आणि हगवणीने ते वाळत जाते. म्हणून जन्मल्यावर तासा-दोन तासांत पोटभर चीक, आणि दहाव्या दिवसाच्या सुमारास पशुवैद्याकडून जंताचे औषध. ही दोन कामे झाली तर बरीच पारडे वाचतील. पारडू असूनही म्हैस पान्हा सोडत नसेल, तर आधी कास तपासून घ्यावी. सडाला सूज असली तर तिला दूध सोडताना दुखते.