गादी जपायची की माणूस?

माझं माहेर सोलापूरचं. तिथे गाद्यांची कधी कुणी काळजी केल्याचं मला आठवत नाही. मे महिन्यात घरातल्या सगळ्या गाद्या गच्चीवर जायच्या, दिवसभर तापायच्या आणि संध्याकाळी फुगून खाली यायच्या. कापूस बसला की पिंजाऱ्याला बोलवायचं, पिंजून घ्यायचा, संपलं. लग्न होऊन रत्नागिरीला आले आणि पहिल्याच पावसाळ्यात कपाटातल्या माझ्या चामड्याच्या पर्सवर पांढरा थर दिसला. मी किंचाळलेच. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘अगो, जून ते सप्टेंबर इथे सगळ्यालाच बुरा चढतो. माणसांना तेवढा चढायचा राहतो!’’

ही गोष्ट त्यांचीच आहे. त्यांनी स्वतः ‘लिही’ म्हटलं म्हणून लिहितेय.

२०२२ च्या मे महिन्यात आई अंगणात घसरून पडल्या. वय अठ्ठ्याहत्तर. खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला. त्यांच्या जुन्या कापसाच्या गादीला मधोमध खळगा पडला होता, म्हणून डॉक्टरांनी जरा कडक गादी घ्यायला सांगितली. खाली काथ्या आणि वर फोम अशी नवी गादी आली. वीस हजार रुपये! आमच्या घरात एवढी महागडी गादी पहिल्यांदाच येत होती. आल्या दिवसापासून मी मुलाला बजावायला लागले, ‘‘आजीच्या गादीवर बसून चहा प्यायचा नाही. वीस हजारांची आहे, सांडलं तर बघ.’’ बजावत होते मुलाला. पण ऐकणारं आणखी कोण होतं, ते मला दीड महिन्यानं कळलं.

जुलैत आईंनी संध्याकाळचा चहा सोडला. ‘‘नको गो, पित्त होतं.’’ मग रात्रीच्या जेवणाबरोबरचं पाणी सुटलं. उशाशी ठेवलेला तांब्या सकाळी तसाच भरलेला असायचा. मला वाटलं, पावसाळ्यात तहान लागत नसेल. एके दिवशी त्यांना थंडी वाजून ताप आला. लघवीला जळजळ होत होती. डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं, लघवीचा जंतुसंसर्ग आहे, पाणी फारच कमी जातंय.

त्या दुपारी चादर बदलायला घेतली. चादरीखाली त्यांचं जुनं पातळ चार घड्या घालून पसरलेलं होतं. त्याखाली वर्तमानपत्रं. आणि त्याखाली मुलाचा फाटका रेनकोट, कापून सरळ केलेला.

‘‘आई, हे काय?’’

त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, ‘‘वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाईस्तोवर वेळ लागतो. एखाद्या रात्री नाही धरवत. तुझी एवढी महागाची गादी...’’

मला पुढे बोलवेना. गादी खराब होऊ नये म्हणून या बाईनं पाणी प्यायचं सोडलं होतं.

पहिला उपाय फसला

दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन मी प्लॅस्टिकचं एक कव्हर आणलं. स्वस्त होतं, पाण्याचा थेंब आत जात नव्हता. मला वाटलं, सुटला प्रश्न. पण आई कुशीवर वळल्या की चुरचुर आवाज व्हायचा. ‘‘सगळ्या घराला कळतं, म्हातारी जागी आहे,’’ असं त्या म्हणायच्या. शिवाय पाठीला घाम. चार दिवसांत कमरेवर पुरळ उठलं.

शेजारच्या काकू सरकारी रुग्णालयातून सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी पुरळ बघितलं आणि मलाच झापलं. ‘‘वॉर्डात आम्हीही रबरी शीट घालायचो, मॅकिंटॉश म्हणायचो त्याला. पण त्यावर जाड सुती ड्रॉशीट असायची आणि ओली झाली की लगेच बदलायची. घामानं नाहीतर लघवीनं कातडी भिजत राहिली की ती मऊ पडते, सोलवटते. झोपून असलेल्या माणसाला मग पाठीला जखमा व्हायला वेळ लागत नाही.’’ (हे मॅकिंटॉश नाव चार्ल्स मॅकिंटॉश या स्कॉटिश माणसाचं. दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून पाणी न शिरणारं कापड करायचं पेटंट त्यानं १८२३ मध्ये घेतलं. बाळंतिणीच्या खोलीतलं आपलं मेणकापडही त्याच जातीचं. पाणी अडवतं, पण घामाची वाफही अडवतं.)

ऑगस्टमध्ये दुसरा धक्का बसला. कुबट वास येतो म्हणून ह्यांनी आणि मी गादी उचलून उभी केली, तर खालच्या बाजूला काळे ठिपके! पाणी वरून कुठेच झिरपलं नव्हतं. मग ही ओल आली कुठून?

आमचा पलंग बॉक्सचा. वर सलग प्लायवूड, आत रजया आणि जुन्या चादरी ठासून भरलेल्या. पावसाळ्यात कोकणातल्या हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते. अशा हवेत गादी फळीला चिकटून महिनोन् महिने पडून राहिली की खालची ओल सुकायला वावच राहत नाही. बुरशीला एवढं पुरतं. मी सगळा जीव लावून गादीची वरची बाजू सांभाळत होते आणि गादी खालून कुजत होती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दमट गावात गादीला दोन गोष्टी लागतात. वरून पाणी अडलं पाहिजे आणि खालून हवा खेळली पाहिजे. प्रोटेक्टर यातली पहिलीच गोष्ट करतो.

दुकानात काय बघायचं?

मॅट्रेस प्रोटेक्टर म्हणून दुकानात तीन-चार वेगवेगळ्या वस्तू मिळतात. पीव्हीसीचं, म्हणजे साध्या प्लॅस्टिकचं कव्हर असतं, त्याबद्दल वर सांगितलंच. नुसता सुती किंवा पॉलिस्टरचा जाड थर असलेला प्रोटेक्टरही असतो. तो घाम टिपतो, छान धुतला जातो, पण पाणी अडवत नाही. ज्या घरात फक्त घामाचा आणि डागांचा प्रश्न आहे तिथे तो पुरतो. तिसरा प्रकार म्हणजे वरून टॉवेलसारखं सुती कापड आणि त्याच्या पाठीला टीपीयूचा पातळ पापुद्रा. टीपीयू म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन. हा पापुद्रा पाणी अडवतो, पण वाफ थोडी थोडी पलीकडे जाऊ देतो. हाताला मऊ लागतो, आवाज करत नाही. आम्ही हाच घेतला.

‘हवा खेळती राहते’ असं प्रत्येक पाकिटावर छापलेलं असतं. आमच्या दुकानदारानं ते करून दाखवलं. गरम पाण्याचा पेला घेतला, त्यावर प्रोटेक्टरचं कापड ताणून धरलं आणि वर काचेचा कोरडा पेला पालथा घातला. थोड्या वेळानं वरच्या पेल्यात धुकं धरलं. प्लॅस्टिकच्या कव्हरवर हेच केलं, तर पेला स्वच्छ राहिला. तुम्हीही घरी करून बघा.

मात्र एक सांगते. वाफ जास्त ओलीकडून कमी ओलीकडे जाते. खोलीतली हवाच भिजलेली असेल तर कितीही चांगला प्रोटेक्टर घेतला तरी तो एकटा काय करणार? पंखा हवाच. आणि जी वाफ प्रोटेक्टरमधून खाली जाते ती गादीत शिरते, म्हणजे गादीची खालची बाजू मोकळी हवी, हे परत आलंच.

माप घेताना आम्ही चुकलो, तुम्ही चुकू नका. लांबी-रुंदी सगळेच मोजतात, जाडी कुणी मोजत नाही. गादी सहा इंच आणि प्रोटेक्टरचं इलॅस्टिक आठ इंचांचं असेल तर तो सैल पडतो, सुरकुत्या पडतात. आणि म्हाताऱ्या माणसाच्या पाठीखाली सुरकुती म्हणजे रात्रभराचा त्रास. नुसत्या चार कोपऱ्यांना इलॅस्टिकच्या पट्ट्या असलेला प्रोटेक्टर वळताना सरकतो. चहूबाजूंनी झालर आणि इलॅस्टिक असलेला घ्या.

आणि घ्यायचे तर दोन घ्या. पावसाळ्यात एक धुतला की तो वाळेपर्यंत दुसरा लागतोच.

वापरायची रीत

काकूंनी मला अंथरूण घालायची एक युक्ती शिकवली. गादीवर प्रोटेक्टर, त्यावर चादर. त्या चादरीवर कमरेच्या जागी छोटं वॉटरप्रूफ शीट आणि त्यावर आडवी सुती चादर, दोन्ही बाजूंनी खोचलेली. रात्री भिजलं तर वरचे दोन थर काढायचे, खाली कोरडं अंथरूण तयार. दिवे लावून सगळं घर जागं करायला नको. आईंना याचा सगळ्यात जास्त दिलासा वाटला.

धुण्याचं सांगायचं तर लेबल वाचून धुवा. क्लोरीनचं ब्लीच टाकू नका, कडक इस्त्री तर मुळीच नको, पापुद्रा वितळतो. वॉशिंग मशीनमध्ये टाकण्याआधी मशीनची पुस्तिका बघा. वॉटरप्रूफ कापडात पाणी अडकून बसतं आणि जोरात पिळताना मशीन हादरतं. मी हातानंच खंगाळून, न पिळता निथळत ठेवते आणि मग पडवीतल्या दोरीवर, पंख्याच्या वाऱ्याला. सुती बाजू आधी वर, ती सुकली की उलटून. पूर्ण वाळल्याशिवाय गादीवर घालायचा नाही. ओलसर प्रोटेक्टर घालण्यापेक्षा एक रात्र नुसती चादर बरी.

गादीच्या खालच्या बाजूसाठी सुताराला बोलावलं. त्यानं प्लायला हातभर अंतरावर भोकं पाडून दिली. आतल्या निम्म्या रजया मी वाटून टाकल्या. आता दर रविवारी हे आणि मुलगा गादी भिंतीला उभी करतात आणि तासभर पंखा लावतात. पाऊस चार दिवस उघडला की खिडकीशी. ती काळे ठिपके पडलेली बाजू व्हिनेगरनं पुसली, वाळवली, पण डाग पूर्ण गेले नाहीत. राहू देत.

मुलाला सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ लागायची. डॉक्टर म्हणाले, गादीतले धुळीतले किडे, डस्ट माइट. ते डोळ्यांना दिसत नाहीत, चावत नाहीत. आपल्या अंगावरून गळणाऱ्या कोंड्यावर जगतात आणि दमट हवेत वाढतात. त्यांच्या विष्ठेची ॲलर्जी असते. त्यासाठी नुसता वरून घालायचा प्रोटेक्टर उपयोगी नाही. सगळी गादी आत जाईल असं चेनचं, घट्ट विणीचं कव्हर लागतं, उशीलाही. आणि चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा साठ अंश तापलेल्या पाण्यात धुवायचे.

राहिलेली गोष्ट

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरातलं वडीलधारं माणूस रात्री अंथरूण ओलं करत असेल, तर आधी डॉक्टरकडे न्या, दुकानात नंतर. ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. जंतुसंसर्ग, मधुमेह, एखादं औषध, पुरुषांमध्ये प्रोस्टेट, कारणं पुष्कळ असतात आणि बऱ्याच कारणांवर उपाय असतो. आमच्याकडे संसर्ग बरा झाल्यावर निम्मा त्रास गेला. उरलेला निम्मा पलंगाशेजारच्या कमोडच्या खुर्चीनं आणि एका छोट्या नाइट लॅम्पनं गेला. प्रोटेक्टर आता महिन्यातून एखाद्या रात्री कामाला येतो.

गादीबद्दल मी बोलायची बंद झाले. पण नुसतं गप्प बसून भागणार नव्हतं. एक दिवस आईंच्या खोलीत चहा घेऊन गेले, त्यांच्याच पलंगावर बसले आणि मुलालाही बसवलं. ‘‘सांडेल गो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सांडू दे,’’ मी म्हटलं, ‘‘खाली घातलंय ना ते.’’

बशी त्याच्या हातून थोडी कलंडलीच. पुसून घेतलं. आईंनी आपला कप पुढे केला, ‘‘अर्धा आणखी ओत.’’ संध्याकाळचे सात वाजले होते.