काळ्या दगडावरच्या रेघा

बालभारतीची स्थापना झाली 27 जानेवारी 1967 रोजी. त्याच वर्षी 11 डिसेंबरला, पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी, कोयनेला 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. आणि त्याच सुमारास तिकडे परदेशात डॅन मॅकेन्झी आणि जेसन मॉर्गन हे तरुण संशोधक भूपट्टांचं गणित मांडत होते. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. पण पुढची पन्नास-साठ वर्षं शाळेतल्या भूगोलाला त्यांनी मिळून चांगलंच कामाला लावलं.

याचा मागोवा वरवे बुद्रुकमधून घेणं सोयीचं आहे. पुणे-सातारा महामार्गावर, खेड-शिवापूर आणि नसरापूर यांच्या मधलं हे भोर तालुक्यातलं गाव. पश्चिमेच्या अंगाला सिंहगड, राजगड, तोरणा, पूर्वेला पुरंदर. इथल्या आठवीच्या मुलाला ‘पृथ्वीचे अंतरंग’ हा पाठ असतो. भूकवच, प्रावरण, गाभा. प्रावरणाची सीमा 2,900 किलोमीटरवर, केंद्र 6,371 किलोमीटरवर. मुलं पाठ करतात, पेपरात आकृती काढून मोकळी होतात. पण घरामागची विहीर खणताना आधी मुरूम लागला, मग काळा पाषाण, मग सुरुंगाशिवाय फुटणारा भुसभुशीत मांजऱ्या आणि मधेच गेरूसारखा तांबडा पट्टा, हे कशामुळे, ते या पाठात सापडत नाही. माझ्या मते आपल्या भूगोलाची खरी उणीव ही आहे. 2,900 किलोमीटर खोल जातो आणि पहिले 30 फूट सोडून देतो.

त्या 30 फुटांत लाव्हाचे निदान दोन लोंढे असू शकतात. लोंढ्याचा मधला भाग सावकाश थंड झाला, तो काळा पाषाण. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या पुढे पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरल्या, तो मांजऱ्या. आणि पुढचा लोंढा येईपर्यंत जो काळ गेला त्यात वरचा थर कुजून लाल झाला, तो तांबडा पट्टा. विहिरीला पाणी लागतं ते बहुतेक अशाच सांध्यात, नाहीतर भेगांत. हे ज्ञान विहीर खणणाऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. 1972 च्या दुष्काळाच्या काळात राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली, तेव्हा ते सरकारी कागदावर यायला लागलं. पाठ्यपुस्तकात मात्र ‘दख्खनचे पठार बेसॉल्ट खडकाचे बनलेले आहे’ एवढ्यावरच गाडी थांबली.

आता कोयना. त्या पहाटेपर्यंत दख्खनचं पठार म्हणजे अढळ, ही समजूत काळ्या दगडावरची रेघ होती. 1962 साली देशाचा भूकंपप्रवण पट्ट्यांचा नकाशा निघाला, त्यात एक पट्टा चक्क शून्य क्रमांकाचा होता, आणि द्वीपकल्पाचा मोठा भाग त्यात गेला होता. कोयनेचं धरण भरायला लागलं तेही त्याच वर्षी. पाणी चढलं तसे बारीक धक्के सुरू झाले, आणि पाच वर्षांनी मोठा धक्का आला. कोयनानगर जमीनदोस्त झालं, दीडशेहून अधिक माणसं दगावली, वीजनिर्मिती थांबून मुंबईचे कारखाने बसले. 1970 च्या नकाशातून शून्याचा पट्टाच काढून टाकला आणि कोयनेचा परिसर चौथ्या पट्ट्यात गेला. एका आकड्याची ही हकिकत पाठात असती, तर पट्ट्यांची नावं पाठ करायचा कंटाळा निम्मा झाला असता.

भोरच्या मुलाच्या मनात इथे एक रास्त शंका येते. आपल्या तालुक्यात भाटघरचं धरण 1920 च्या दशकापासून उभं आहे, मग तिथे कोयनेसारखं का झालं नाही? उत्तर असं की, पाणी स्वतः भूकंप घडवत नाही. खालचा भ्रंश आधीच ताणाखाली, सरकण्याच्या बेतात असावा लागतो. जलाशयाचं वजन आणि भेगांत झिरपणारं पाणी त्याला शेवटचा धक्का देतं. कोयनेच्या परिसरात धरण भरायला लागल्यापासून 5 हून मोठे भूकंप वीसच्या वर झाले. म्हणून तर तिथल्या खडकात भोकं पाडून बघायचं ठरलं. कऱ्हाडला त्यासाठी केंद्र सरकारची वेगळी प्रयोगशाळा उभी राहिली. कोयनेजवळच्या रासाटीच्या 1,522 मीटरच्या छिद्रात बेसॉल्ट सुमारे 930 मीटर जाडीचा भरला. त्याखाली लगेच अब्जावधी वर्षं जुना ग्रॅनाइटी पाया. 2017 पर्यंत दुसरं छिद्र 3 किलोमीटर खोल गेलं होतं. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर असंच छिद्र घेतलं, तिथे बेसॉल्ट भरला 338 मीटर. पश्चिमेला जाड, पूर्वेला पातळ. पुस्तकातलं हे वाक्य आता मोजून सांगता येतं.

भूपट्टांच्या गोष्टीतही पुण्याचा खारीचा वाटा आहे. अणुचाचण्या पकडता याव्यात म्हणून 1960 च्या दशकात अमेरिकेने जगभर एकाच जातीचे भूकंपमापक बसवले. त्यातलं एक केंद्र पुण्यात, हवामान खात्याकडे होतं. या जाळ्याच्या नोंदींवर 1968 मध्ये भूपट्टांवरचा जो गाजलेला निबंध लिहिला गेला, त्याच्या तीन लेखकांपैकी एक लिन साइक्स. आणि दख्खनच्या खडकाचं पहिलं नीट वर्णन 1830 च्या दशकात छापणारा कंपनी सरकारचा अधिकारी होता विल्यम हेन्री साइक्स. दोघांचं आडनाव एक, हा निव्वळ योगायोग. पण मुलांना सांगितला की दोन्ही नावं लक्षात राहतात.

भूपट्ट सरकल्याच्या पुराव्यांत मला सगळ्यात देखणा वाटतो तो चुंबकत्वाचा पुरावा. लाव्हा थंड होताना त्याच्यातले लोहखनिजाचे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने गोठतात. त्यांचा जमिनीशी होणारा कोन, म्हणजे नती, अक्षांशावर ठरते. सूत्र दहावीच्या त्रिकोणमितीत बसणारं आहे: नतीचा टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट. वरव्याचा अक्षांश 18 अंशांच्या थोडा वर. त्या हिशेबाने नती 33 अंशांच्या आसपास यायला हवी. सह्याद्रीतल्या जुन्या थरांत ती येते साधारण 45 अंश. 45 चा टॅन 1, त्याचं निम्मं 0.5, अक्षांश निघतो 26 ते 27, आणि तोही विषुववृत्ताच्या दक्षिणेला. 1950 च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या मंडळींनी आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहस्रबुद्धे, राधाकृष्णमूर्ती यांनी ही मोजमापं केली, तेव्हा खंडवहन ही पुष्कळांना अजून थट्टेची गोष्ट वाटत होती. म्हणजे घाटातला दगड सिद्धांताच्या आधी बोलला होता. हे गणित वहीच्या अर्ध्या पानात मावतं, तरी ते शाळेत कोणी करून घेत नाही.

आजही भारत वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो, हे उपग्रहांच्या मदतीने मोजता येतं. बालभारती निघाली तेव्हापासून वरवे बुद्रुक, शेतं, देऊळ आणि महामार्गासकट, जवळजवळ 3 मीटर पुढे गेलं आहे.

1980 च्या दशकात सह्याद्रीच्या थरांना नावं मिळाली: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एसटीच्या पाट्या वाचाव्यात तशी ही यादी आहे, आणि जगभरच्या शोधनिबंधांत ती याच नावांनी चालते. 1986 मध्ये व्हॅन्सां कुर्तियो या फ्रेंच शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की, या लाव्हाचा बहुतेक भाग फार थोड्या काळात, दहा लाख वर्षांच्या आत-बाहेर, ओतला गेला. तो काळ डायनासोर संपले त्याच्या आगेमागेचा. मेक्सिकोत अशनी आदळला तोही त्याच सुमारास. मग खरा गुन्हेगार कोण, अशनी की आपला घाट?

फेब्रुवारी 2019 मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात यावर दोन निबंध आले. ब्लेअर शोन यांच्या गटाने थरांमधल्या राखेतले झिरकॉन मोजले आणि एक मोठा उद्रेक अशनीच्या थोडा आधी झाला असं म्हटलं. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने लाव्हाचं वय आरगॉन वायूवरून काढलं. त्यांच्या मते बराचसा लाव्हा अशनीनंतर आला. दोघांनीही नमुने याच सह्याद्रीतून उचललेले. दोघांच्या उत्तरांतलं अंतर काही हजार, फार तर काही लाख वर्षांचं आहे, आणि शाळेच्या पुस्तकातल्या ‘सुमारे 6.6 कोटी वर्षे’ या आकड्यात दोन्ही उत्तरं आरामात बसतात.