उन्हाबरोबर चढणारा सूर

तुळशीचे लग्न लागले की मराठवाड्यातल्या कन्नडच्या बँडपथकांच्या सुपाऱ्या सुरू होतात. तेव्हा गौताळ्याच्या डोंगराकडून येणारी रात्रीची हवा बोचरी असते. मेमध्ये नवरदेवाचा परण्या भर दुपारी मारुतीच्या देवळाकडे निघतो, तेव्हा ऊन चाळीस अंशांच्या घरात गेलेले असते. औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे गेले, तर धग आणखी वाढते. वादक तोच, वाद्य तेच, गाणेही तेच. पण हिवाळ्यात कीबोर्डाशी गोडीने जुळलेला क्लॅरिनेट उन्हाळ्यात टोचू लागतो, आणि बोल वादकाला लागतो. तो बोल पुष्कळदा अन्यायाचा असतो. क्लॅरिनेट बेसूर होण्याची कारणे मोजकी आहेत आणि ती क्रमाने शोधली तर सापडतात.

हे वाद्य १७००च्या सुमारास जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात योहान क्रिस्टोफ डेनर या कारागिराच्या हातून आकाराला आले. आज बहुतेक ठिकाणी दिसणारी चाव्यांची बोएम रचना क्लोझे आणि ब्यूफे यांनी १८३९ ते १८४३ या काळात बसवली. आपल्याकडे ते लष्करी बँडबरोबर आले आणि लग्नाच्या बँडमध्ये रुळले. मेरठमध्ये १८८५ साली स्थापन झालेली नादिर अली आणि कंपनी बँडची वाद्ये बनवण्यासाठी प्रसिद्ध झाली. क्लॅरिनेटची मुख्य भोके थेट बोटांखाली येतात, त्यामुळे बोट हळूहळू सरकवून मींड काढता येते. आपल्या गाण्याला हे वाद्य मानवले ते या गुणामुळे. मास्टर इब्राहिम यांनी चित्रपटगीतांच्या धुना क्लॅरिनेटवर वाजवल्या आणि त्यांच्या तबकड्या घरोघरी ऐकल्या गेल्या.

नळी साधारण ६६ सेंटीमीटर लांब, आतून बहुतांशी सरळ, आणि तोंडाच्या बाजूने रीडमुळे बंद असल्यासारखी वागणारी. म्हणून सा वाजवून मागची रजिस्टर चावी दाबली, तर बासरीसारखा वरचा सा मिळत नाही. वरच्या सप्तकातला पंचम मिळतो. याचा अर्थ असा की बहुतेक भोकांना दोन स्वरांची चाकरी करावी लागते. एका स्वरासाठी भोक कोरले किंवा बुजवले, की त्याचा जोडीदारही हलतो. कानस हातात घेण्याआधी दोन्ही स्वर तपासायचे, हा दुरुस्तीचा पहिला नियम.

आता उन्हाचे. तापल्याने लाकूड किंवा एबोनाइट जे फुगते त्याचा सुरावर नगण्य परिणाम होतो. खरा फरक आतल्या हवेचा. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो: २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४० अंशांना सुमारे ३५५. नळीतली सगळी हवा एवढी तापली, तर ४४० कंपनांचा स्वर ४५५च्या जवळ पोचतो. सा आणि कोमल रे यांच्यामधले निम्म्याहून अधिक अंतर तेवढ्यात कापले जाते. फुंकेच्या उबेमुळे आतली हवा थंडीतही थोडी गरम राहते, म्हणून प्रत्यक्षातला फरक यापेक्षा कमी असतो. तरी कानाला तो स्पष्ट कळतो. ट्रम्पेट आणि युफोनियमही उन्हात असेच चढतात. कीबोर्ड मात्र जागचा हलत नाही, आणि बँजोच्या तारा तापून सैल पडल्याने उतरतात. बँडच्या एकाच गाडीभोवती तीन वाद्ये तीन दिशांना जातात.

म्हणून आधी पाच-दहा मिनिटे वाजवून वाद्य गरम करायचे आणि मग विचारायचे: सगळेच स्वर चढे आहेत की एखाद-दुसराच? सगळे चढे असतील तर बॅरल, म्हणजे तोंडाजवळचा आखूड तुकडा, थोडा बाहेर ओढायचा. पण त्याने सगळे स्वर सारखे उतरत नाहीत. डाव्या हाताच्या वरच्या जी स्वराला कामाची नळी सुमारे २५ सेंटीमीटर, तर सर्वांत खालच्या ई स्वराला सुमारे ५८. एका मिलिमीटरचा परिणाम आखूड नळीवर दुपटीहून जास्त होतो. म्हणून नुसता बॅरल ओढत गेले, तर जी, ए आणि बी फ्लॅट हे स्वर फार उतरतात आणि खालचे स्वर चढेच राहतात. थोडे बॅरलला, थोडे मधल्या सांध्याला, अशी वाटणी करावी लागते.

एकच स्वर उतरलेला आणि दबका येत असेल, तर त्या स्वराचे भोक पाहायचे. आत मळ साचलेला असतो, किंवा चावीखालचा पॅड भोकाच्या फार जवळ उघडतो. पॅड जास्त उघडत असेल तर स्वर चढतो. गळतीची शंका आली तर पॅडखाली पातळ कागदाची पट्टी धरून अलगद ओढायची. एका बाजूने ती सहज निसटली, तर पॅड तिथे बसत नाही. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत सांध्यांचा कॉर्क आक्रसतो आणि सांधा डुलतो. लाकडी वाद्याला चीरही जाते. तीही तपासायची.

मग रीड. मऊ पडलेल्या रीडवर वरचे स्वर उतरतात. फार कडक रीडवर ओठ आवळावे लागतात आणि सूर चढतो. वरातीतली आणखी एक अडचण आहे. जोरात फुंकले की बासरी चढते, क्लॅरिनेट मात्र उतरतो. स्पीकरच्या भिंतीशी स्पर्धा करणारा वादक म्हणूनच रात्री उशिरा सुरात उतरत जातो.

दोन कारणे मात्र दुरुस्तीच्या पलीकडची. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर सी वाजवला की काळी पाच ऐकू येते. हा दोष नाही, वाद्याची ती रीतच आहे. कीबोर्डवाल्याने पट्टी बदलून घ्यावी. दुसरे, ब्रिटिश लष्करी बँडमध्ये पूर्वी पांढरी सहा सुमारे ४५२ कंपनांवर लावत. १९३९च्या लंडन परिषदेने ४४० हे माप सुचवले. त्या जुन्या चढ्या मापाचा क्लॅरिनेट आजच्या कीबोर्डाशी सर्व स्वरांत जुळवता येत नाही. त्यावर पैसे घालण्यापेक्षा तो बदललेला बरा.

एवढे तपासून हवाच कारण निघाली, तर क्लॅरिनेटला फार ओढाताण करू नये. फुंकेची सगळी वाद्ये एकत्र चढलेली असतात; त्यांना खाली खेचण्यापेक्षा कीबोर्डाचे ट्यूनिंग वर नेणे आणि बँजोच्या तारा ताणणे सोपे आहे. ज्या वाद्याचा सूर बटणाने हलतो, त्याने हवेवर चालणाऱ्या वाद्यामागे जावे. परण्या निघण्याआधी, सावलीत नव्हे तर जिथे वाजवायचे त्या उन्हात उभे राहून, आधी क्लॅरिनेटचा सा घ्यावा आणि बाकीच्यांनी त्याला मिळवावे. कन्नडच्या उन्हाळ्यात पथक सुरात राहण्याचा हाच खात्रीचा मार्ग आहे, आणि नवशिक्या पोराला गाण्याच्या चालींइतकाच तोही शिकवला पाहिजे.