लिफाफ्यातला संगणक

रायपूरहून धमतरीच्या वाटेला लागले म्हणजे मध्ये अभनपुर नावाचे एक गाव लागते. छत्तीसगडचा हा मुलूख मध्य प्रांतात मोडत होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती, त्या काळात, १९०० साली, येथे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून एक चिमुकली आगगाडी धावू लागली. अभनपुरास तिला फाटा होता. एक वाट धमतरीस जाई, दुसरी राजिमच्या संगमाकडे. अरुंद रुळांना जमीन थोडी लागते, पूल हलके चालतात, वळणे आखूड घेता येतात. सारांश, खर्च वाचतो. परंतु रायपुरास पोहोचलेला माल पुढे न्यावयाचा तर तो या गाडीतून उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागे. बांधताना वाचविलेला पैसा हमालीच्या रूपाने फेडला जात होता.

या गाडीची आठवण मला एका अगदी निराळ्या यंत्राच्या निमित्ताने झाली. १५ जानेवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात, अ‍ॅपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी व्यासपीठावर कचेरीतला एक साधा बदामी लिफाफा हाती घेतला आणि त्यातून चक्क एक संगणक बाहेर काढला. मॅकबुक एअर हे त्याचे नाव. कडेला त्याची जाडी ४ मिलिमीटर, मागील बाजूस १९.४ मिलिमीटर आणि वजन अवघे १.३६ किलोग्रॅम होते. सभागृह टाळ्यांनी दुमदुमून गेले.

वास्तविक पातळ संगणक ही कल्पना काही त्या दिवशी जन्मास आली नव्हती. जपानच्या मित्सुबिशी कंपनीने १९९८ सालीच पेडियन नावाचा सुमारे १८ मिलिमीटर जाडीचा संगणक काढला होता. तो फार काळ टिकला नाही. मग एअरमध्ये नवे ते काय होते? त्याचा पडदा आणि टंकफलक पूर्ण आकाराचे होते. काटछाट झाली होती ती आतल्या अवयवांत. इंटेल कंपनीने आपल्या प्रक्रियकाचे वेष्टन त्यासाठी मुद्दाम लहान करून दिले. माहिती साठविण्यास १.८ इंची तबकडी घेतली. तीच जात खिशातल्या आयपॉडमध्ये वापरीत असत. शिवाय आकार पाचरीसारखा ठेवल्यामुळे पाहणाऱ्याची नजर पातळ कडेवरच ठरे आणि जाड पाठ सहसा ध्यानात येत नसे.

आता हमालीचा हिशेब पाहू. गाणी व चित्रपट यांच्या तबकड्या वाजविणारा कप्पा गेला. तबकडी लागलीच तर शेजारच्या दुसऱ्या संगणकाकडून बिनतारी मार्गाने उसनी घ्यावयाची. इतर उपकरणे जोडण्यास यूएसबीचे एकच छिद्र उरले. जाळ्याची तार लावावयाची तर वेगळा जोड विकत घ्यावा लागे. किंमत १७९९ डॉलर, म्हणजे बेताच्या मिळकतीच्या माणसास स्वप्नवतच. पुढे ऑक्टोबर २०१० मध्ये फिरत्या तबकडीऐवजी स्थिर स्मृती बसविलेली ९९९ डॉलरांची धाकटी आवृत्ती आली, आणि २०११ साली इंटेलने अल्ट्राबुक या नावाखाली इतर कारखानदारांनाही त्याच वाटेने चालण्याचे आवाहन केले. लिफाफ्यातला चमत्कार तीन-चार वर्षांत बाजाराचा रिवाज झाला.

परंतु या हिशेबातली सर्वांत मोठी रक्कम निराळीच आहे. जुन्या संगणकाची बॅटरी खटका दाबून निघत असे. एअरची बॅटरी आत बंदिस्त झाली आणि तिची स्मृती मुख्य फळीवरच डाख देऊन पक्की करण्यात आली. खटके, कप्पे आणि झाकणे यांना जागा लागते. जागा वाचवावयाची तर प्रथम त्यांनाच निरोप द्यावा लागतो. महानगरात राहणाऱ्यास याची झळ कमी लागते. लहान गावच्या विद्यार्थ्याने मात्र काय करावे? स्मृती अपुरी पडली तर वाढविता येत नाही, आणि बॅटरी थकली तर नवी आणून स्वतः बसविणे सोपे राहत नाही. ज्याला यंत्र दहा वर्षे पुरवावयाचे असते, त्याच्याच पदरी हा खर्च पडतो.

ही गोष्ट आता राज्यकर्त्यांच्याही ध्यानात आली आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने दुरुस्तीच्या हक्कासंबंधी एक माहितीस्थळ उघडले. युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या नियमानुसार, फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटरी, काही अपवाद वगळता, ग्राहकास स्वतः काढता आली पाहिजे.

अभनपुरची अरुंद गाडी आता इतिहासजमा झाली आहे. तिच्या जागी रुंद रूळ आले आणि ३० मार्च २०२५ रोजी रायपूर-अभनपुर गाडी त्यांवरून सुरू झाली. रूळ अरुंद घालणाऱ्यांना मूर्ख म्हणण्याचे कारण नाही. त्या गाडीने शंभराहून अधिक वर्षे लोकांची सेवा केली. पातळ संगणकालाही नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. खांद्यावरचे ओझे त्याने खरोखरच हलके केले. एवढेच की, यंत्र घेताना ते किती पातळ आहे हे जसे आपण पाहतो, तसेच ते उघडते कसे, हेही दुकानदारास विचारावे.